खंडेनवमीचा सेल्फ

"सापडला का बोल्ट?" वरून अप्पांनी विचारलं.

"सापडला."

"वरचा का खालचा?"

गाडीखाली उताणं पडलेल्या माणसाला वर कुठं आणि खाली कुठं हे ठरवायला जरा वेळ लागतो. मी तो घेतला.

"मधला," मी म्हणालो.

"मधला बोल्ट नसतोय, जावईबापू," अप्पा शांतपणे म्हणाले. "दोनच असत्यात. एक वर, एक खाली. तुम्ही हात लावलाय ते काय हाय?"

मी ज्याला हात लावला होता ते गाडीचंच काहीतरी होतं, एवढं मी खात्रीनं सांगू शकलो असतो.

ही खंडेनवमीची सकाळ. गाव जयसिंगपूर, अंगण माझ्या सासऱ्यांचं, आणि मी दसऱ्याला म्हणून आग्रहानं बोलावलेला त्यांचा एकुलता एक जावई. पाठीखाली पोतं होतं आणि त्याला तंबाखूचा वास होता. अप्पांचा सगळा जन्म तंबाखूच्या वखारीत दिवाणजी म्हणून गेलेला, त्यामुळं त्या घरात पोत्यापासून देवघरापर्यंत सगळ्यालाच तो वास यायचा. गाडीची पुढची चाकं जॅक लावून दोन लाकडी ठोकळ्यांवर चढवली होती. आत सरकण्याआधी मी विचारलं होतं, "ठोकळे पक्के आहेत ना?"

"आजवर कुणी तक्रार केलेली न्हाई," अप्पा म्हणाले होते.

गाडी चालू करायला किल्ली फिरवली की इंजिनाला पहिला हिसका देणारी एक मोटर असते. तिला आपल्याकडं सगळे सेल्फ म्हणतात. अप्पांच्या गाडीचा सेल्फ गेला होता. किल्ली फिरवली की आतून कुणीतरी आपल्याबद्दल 'च्यक्' केल्यासारखा आवाज यायचा आणि मग शांतता. ही शांतता घरात सगळ्यांना आवडली होती. अप्पा सोडून.

कारण असं की अप्पांना कमी दिसायला लागलं होतं. किती कमी, ते मिरजेचे डॉक्टर आणि अप्पा या दोघांनाच ठाऊक. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गाडी बंद. घरी येऊन अप्पांनी सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, सांजचं जरा जपून." आणि ते गाडी चालवत राहिले. जयसिंगपूरच्या गल्ल्या पट्टीनं आखल्यासारख्या सरळ आहेत आणि अप्पांना त्या पाठ होत्या. पण गल्लीतली माणसं काही पाठ करता येत नाहीत. श्रावणात शेजारच्या मगदुमांची रेवती सायकलवरून शाळेला निघाली होती. तिनं सायकल सोडून गटारापलीकडं उडी मारली म्हणून ती वाचली. सायकलीचं पुढचं चाक पापडासारखं झालं. अप्पांनी गाडी थांबवून विचारलं, "काय मोडलं?" लोकांनी सांगितलं. अप्पांनी चाक हातानं चाचपलं. मग म्हणाले, "घंटी वाजवायची न्हवं तिनं." दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकल तर दुरुस्त करून दिलीच, वर एक मोठी घंटी आणून बसवली. ती वाजली की पार उगार गावापर्यंत ऐकू जायची.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सेल्फ गेला. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, गणपतीला जादा नारळ फोडला.

अप्पांनी मेस्त्रीला बोलावलं. मेस्त्री म्हणाला, येतो. गावातले सगळेच मेस्त्री येतो म्हणाले आणि कुणीच आला नाही, कारण अक्कांनी त्या सगळ्यांना आधीच गाठलं होतं. मग धक्का देऊन चालू करावी म्हणून अप्पांनी शेजाऱ्यांना हाका मारल्या, तर गल्लीतल्या सगळ्या कमरा एकदम धरल्या. एक दिवस एकटेच एस.टी.नं सांगलीला गेले आणि जुन्या बाजारातून एक सेल्फ घेऊन आले. टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन. शेजारच्या बाईनं एस.टी.त विचारलं म्हणे, "नातू का?" अप्पा म्हणाले, "व्हय. वजनदार हाय."

दसऱ्याला अप्पा दरवर्षी स्वतः गाडी चालवत कुरुंदवाडला थोरल्या बहिणीकडं सोनं द्यायला जायचे. यंदाही जाणार होते. रस्ता नदीवरून, दसऱ्याची गर्दी, बैलगाड्या, पोरंटोरं. येताना एस.टी.त माझ्या बायकोनं, शैलानं, मला सगळं समजावून सांगितलं होतं.

"गाडी चालू होता कामा नये," ती म्हणाली.

"मग मी नाही म्हणतो त्यांना. सांगतो, मला येत नाही."

"तुम्ही नाही म्हणालात तर ते स्वतः गाडीखाली जातील. त्यापेक्षा तुम्ही मदत करा."

"मदत?"

"मनापासून करा. तुम्ही मदत केलेली कुठली वस्तू आजवर चालू झालीय?"

मी आठवून बघितलं. मिक्सर, टेबलफॅन, मेहुण्यांच्या लग्नातला लाऊडस्पीकर. तिचं म्हणणं बिनतोड होतं. माझ्यावर सबंध घराचा एवढा विश्वास पूर्वी कधी नव्हता आणि पुढंही कधी बसला नाही.

तर मी गाडीखाली होतो आणि मनापासून मदत करत होतो.

"आधी बॅटरीची वायर काढलीय न्हवं?" अप्पांनी वरून विचारलं.

"तुमच्यासमोरच काढली की."

"काढली का म्हणून विचारतोय."

"काढली."

"सेल्फला जाड वायर आलीया. तिचा रंग कुठला?"

मला वाटलं, हे माझी परीक्षा घेतायत. लग्न ठरताना त्यांनी मला ज्वारीच्या दोन कणसांतलं शाळूचं कुठलं ते विचारलं होतं आणि मी दोन्ही म्हणालो होतो. तो डाग अजून पुसला गेला नव्हता.

"काळा," मी रुबाबात म्हणालो.

"तेलानं काळा का मुळातला काळा?"

मी बोटानं पुसून बघितलं. "लाल."

"हां. तिची चाकी सोडवा. हे घ्या." वरून त्यांचा हात आला आणि हातात पाना. प्रत्येक पाना देण्याआधी ते त्याच्या तोंडावरून अंगठा फिरवायचे. जुन्या माणसांची आपली अवजारांवर माया असते, ती मी खालून कौतुकानं बघत होतो.

आणि मग अनर्थाला सुरुवात झाली. चाकी, म्हणजे नट, पहिल्या झटक्याला सुटली. खालचा बोल्ट, जो म्हणे गंजून बसलेला असतो आणि भल्याभल्यांना रडवतो, तो मी नुसता पाना लावल्याबरोबर करकरला आणि फिरायला लागला. वरचाही. मी हळू केलं, उलटा फिरवून बघितला, मध्येच विश्रांती घेतली, तरी काम होतच राहिलं. शेवटी जुना सेल्फ आपण होऊन माझ्या छातीवर येऊन बसला. जड होता, पण समजूतदार.

"निघाला?" अप्पांनी विचारलं.

"निघाला," मी म्हणालो. माझा आवाज रडवेला आला असावा.

"वा! हात हाय तुम्हाला. उगाच बँकेत गेलासा."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काही दुरुस्त होत होतं. जुना सेल्फ बाहेर ढकलण्याच्या निमित्तानं मी डोकं बाहेर काढलं. ओट्यावर शैला उभी होती. तिनं भुवया उंचावल्या. मी डोळ्यांनीच सांगितलं की माझा इलाज चालत नाही. तिच्या चेहऱ्यावर लग्नानंतर बऱ्याचदा बघितलेला एक भाव येऊन गेला आणि ती तरातरा आत गेली.

थोड्या वेळानं अक्का बाहेर आल्या. माझ्यासमोर येताना पदर सारखा करायचा, हा त्यांचा शिरस्ता. त्यांनी तो केला, मग गाडीखालून निघालेल्या माझ्या पायांकडं बघून कपाळाला हात लावला.

"सणाला बोलावलेल्या जावयाला चिखलात घातलंय! लोक काय म्हणतील?"

"चिखल कुठाय? पोतं घातलंय की खाली," अप्पा म्हणाले.

"हातोडी द्या ती. पूजेला पायजे."

हे मला समजायला क्षणभर वेळ लागला. खंडेनवमीला घरातली शस्त्रं, म्हणजे आपल्याकडं शस्त्रं कुठली, हत्यारं, अवजारं, पूजेला मांडतात. एकदा त्यांना हळदकुंकू लागलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत वापरायची नाहीत. आणि या बाबतीत अख्ख्या गावात अप्पांइतका कडक माणूस नव्हता. दोन वर्षांमागं याच दिवशी शेजारच्या कोऱ्यांचा नळ तुटला, स्वयंपाकघरात पाणी घोट्यापर्यंत चढलं आणि कोरे पाना मागायला आले. अप्पांनी देवघराकडं बोट दाखवून सांगितलं, "शस्त्रं बसलीत. उद्या या." कोरे दुसऱ्या दिवसापर्यंत भांड्यांनी पाणी उपसत होते.

"पूजा बाराला असती," अप्पा म्हणाले.

"यंदा दहाला हाय."

"कुणी सांगितलं?"

"मी."

अप्पांनी हातोडी दिली. अक्का आत गेल्या.

"चला, जावईबापू," अप्पा खाली वाकून कुजबुजले. "हातोडी नकोच हाय आपल्याला. नवा सेल्फ घ्या वर."

नवा सेल्फ टॉवेलातून निघाला. मी तो दोन्ही हातांनी वर धरला. वरून अप्पांनी हात घातला, दोघांनी मिळून तो जागेवर बसवला आणि मी वरचा बोल्ट फिरवू लागलो. अक्का परत आल्या.

"पक्कड."

पक्कड गेली.

"स्क्रू ड्रायव्हर. दोन्ही."

गेले.

"पान्यांची पिशवी."

"अगं, पिशवी कशाला? एक पाना ठेव की," अप्पा म्हणाले. "एवढं काम हुईपर्यंत."

"तुम्हीच म्हणताय न्हवं, सगळी बसायला पायजेत. एक जरी भाईर राहिलं तर देवीचा अपमान हुतोय."

"आम्ही कवा म्हटलं?"

"कोरेभावजींना."

पिशवी गेली. आता सबंध घरात एकच पाना पूजेबाहेर राहिला होता, आणि तो माझ्या हातात होता. वरचा बोल्ट मी पक्का आवळला होता. खालचा नुसता दोन वेढे लावून ठेवलेला. अक्का परत आल्या, तेव्हा मला गाडीखालून त्यांचे पाय दिसले, अप्पांचे पाय दिसले, आणि दोघांच्या मध्ये पोचलेला माझा स्वतःचा हात दिसला.

"जावईबापू, पाना देऊ नगासा," अप्पा म्हणाले.

"जावईबापू, द्या," अक्का म्हणाल्या.

मी पुष्कळ वर्षं नोकरी केली, संघटनेत होतो, दोन साहेबांच्या मधे बसून मी निवृत्तीपर्यंत पोचलो. पण त्या पान्याइतकी जड वस्तू माझ्या हातात पुन्हा कधी आली नाही. मी तो ना अप्पांकडं केला, ना अक्कांकडं. नुसता धरून राहिलो. अक्का वाकल्या, त्यांनी तो माझ्या बोटांतून मूल झोपल्यावर खुळखुळा काढून घेतात तसा काढून घेतला, आणि गेल्या.

माझा जीव खरं सांगायचं तर भांड्यात पडला. उद्या कुणी मरणार नव्हतं.

"पाना नसला तर नसला," अप्पा म्हणाले. "हात हाईत की."

ते चाकाशी खाली बसले. गुडघे वाजलेले मी ऐकले. चाकाच्या बाजूनं त्यांचा हात आत आला आणि मी जो बोल्ट सकाळपासून चाचपडत होतो त्याच्यावर थेट येऊन थांबला. दोन बोटांनी त्यांनी त्याला धरलं आणि फिरवायला सुरुवात केली. पाऊण आयुष्य तंबाखूची पानं चाचपून प्रत ठरवलेली बोटं ती. बोल्ट मुकाट्यानं आत जात होता.

"अप्पा, उद्या आपण टॅक्सीनं जाऊ," मी म्हणालो. "मी येतो तुमच्याबरोबर."

"टॅक्सीनं पाहुणे जात्यात. मी भाऊ हाय तिचा."

"नदीच्या पुलावर गर्दी असते."

"असू दे की. गर्दीला आवाज असतोय."

मला ते तेव्हा नुसतं हट्टी बोलणं वाटलं.

अक्का पुन्हा बाहेर आल्या. यावेळी हातात पूजेचं तबक होतं. मागून शैला. अप्पांनी बोल्टवरचा हात काढून घेतला, चोरी सापडल्यासारखा.

"ते हात हिकडं करा," अक्का म्हणाल्या.

"कशाला?"

"करा तर."

अप्पांनी केले. अक्का त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. हळद ओली करून त्यांनी आधी उजव्या हाताला लावली, मग डाव्या. त्यावर कुंकू. बोटांपासून मनगटापर्यंत, एका बोटाचं पेर सोडलं नाही. मग अक्षता टाकल्या आणि उजव्या तळव्यावर एक मोठं झेंडूचं फूल ठेवलं.

"ज्यानं काम करायचं त्याची पूजा," अक्का म्हणाल्या. "हे बी बसलं आता. उद्यापतोर उठवायचं न्हाई."

शैला मोठ्यानं हसली. मी गाडीखाली हसलो आणि कपाळ आपटून घेतलं. अप्पांनाही हसू आवरलं नाही. "काय बाई हाय," ते म्हणाले. "वखारीत असतीस तर मालकाला विकलं असतंस." अक्का तबक मांडीवर घेऊन नुसत्या बघत होत्या. त्यांना आपण जिंकल्याचा आनंद झाला होता आणि तो त्यांना लपवता येत नव्हता.

मी सरकत बाहेर आलो. ऊन चांगलं वर आलं होतं. अप्पांनी हात तोंडापाशी नेले, अगदी नाकापाशी. मग लांब धरले. मग उन्हाच्या बाजूला वळले आणि तळवे उलटेसुलटे करून बघितले. वळताना झेंडूचं फूल खाली पडलं.

"हे काय पडलं?" त्यांनी विचारलं.

शैलानं फुलाकडं बघितलं, मग अप्पांकडं.

"अगं, ओलं लागालंय," ते म्हणाले. "पण हळद लावलीस का कुंकू?"

शैलाचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं, काढायचं विसरल्यासारखं. अप्पांचे हात मनगटापर्यंत लालभडक होते. आजूबाजूला भर सकाळचं ऊन होतं, फूल त्यांच्या पायाशी पडलं होतं, आणि ते मान थोडी तिरकी करून उत्तर ऐकायला थांबले होते. सकाळपासून त्यांनी मला वायरीचा रंग विचारला होता, बोल्ट कुठला ते विचारलं होतं. मी त्यांना परीक्षेची उत्तरं देत होतो.

अक्कांनी माझ्याकडं बघितलं, जणू मी काहीतरी वेगळं सांगेन. त्यांनाही एवढं ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त उद्याचा दिवस टाळायचा होता.

"दोन्ही लावलंय," शेवटी त्या म्हणाल्या.

"मग भरपूर झालं," अप्पा म्हणाले.

ते तसेच बसून राहिले, हात पुढं धरून. अक्काही उठल्या नाहीत. रस्त्यावरून सायकली जात होत्या. मी काहीतरी करावं म्हणून जुना सेल्फ उचलला, तो कुठं ठेवावा ते कळेना, म्हणून पुन्हा तिथंच ठेवला. शैला आत गेली आणि मोरीतला नळ सोडून बसली. पाणी कितीतरी वेळ वाहत होतं.

"जावईबापू," अप्पा म्हणाले, "मोटारस्टँडवर कुणीतरी असंल कुरुंदवाडचं. त्याच्याकडं निरोप द्या. ताईला म्हणावं, यंदा सोनं घेऊन तूच ये."

"देतो," मी म्हणालो.

"गाडी ठोकळ्यावरनं उतरू नगासा. खालचा बोल्ट ढिला हाय."

"नाही उतरवत."

दुपारी पानं वाढली. पुरणपोळ्या, कटाची आमटी, भजी. सगळं स्वयंपाकघरात केव्हापासून तयार होतं आणि कुणालाच वाढायचं सुचलं नव्हतं. अप्पा पाटावर येऊन बसले. हात तसेच, लाल, तळवे वर करून मांडीवर ठेवलेले. शैलानं तांब्या आणला.

"अप्पा, हात धुवा ना."

"बसलेत ते," अप्पा म्हणाले. "उद्यापतोर उठवायचं न्हाई."

"अहो, पण जेवायचं कसं?"

"आता ते तुझ्या आईला विचार."

शैला तांब्या घेऊन उभी राहिली. मी पानाकडं बघत राहिलो. त्या घरात अक्का माझ्यासमोर कधी जेवायलासुद्धा बसल्या नव्हत्या. त्यांनी हातातलं तुपाचं भांडं खाली ठेवलं, पदर सारखा केला, पाट ओढला आणि माझ्यासमोर, लेकीसमोर, अप्पांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला.

"ही पोळी," त्या म्हणाल्या.

अप्पांनी तोंड उघडलं. त्यांनी घास दिला.

"आता भजं. मिरचीचं न्हाई, कांद्याचं."

घास.

"पुन्हा पोळी."

मी आणि शैला जेवत होतो म्हणजे ताटात बोटं फिरवत होतो. अक्का एकेक घास नाव घेऊन भरवत होत्या आणि अप्पा एकेक घास हळू चावून संपवत होते, कुठलीही घाई नसल्यासारखे. मग अक्कांनी वाटी उचलली.

"आमटी," त्या म्हणाल्या.

"जपून," अप्पा म्हणाले. "वाफ दिसालीय मला."

आमटी केव्हाच निवली होती. अक्कांनी वाटी त्यांच्या तोंडाशी नेली, आणि द्यायच्या आधी तिच्यावर फुंकर घातली.